डॉल्फिन-पॉर्पॉइजच्या श्वासमार्गाचा कास्ट: टोकाच्या पिशव्या दर वेळी अर्धवट का राहतात?

मेलेल्या डॉल्फिनच्या किंवा त्याच्या भाऊबंद पॉर्पॉइजच्या डोक्यातल्या हवेच्या वाटेत सिलिकॉन भरायचं, आणि ते जमल्यावर त्या वाटेचा जो भरीव ठसा हातात येतो तो कास्ट. तक्रार बहुतेकांची एकच असते. सिलिकॉन नीट मोजलं, नीट ढवळलं, श्वासरंध्रातून हळूहळू ओतलं, रात्रभर ठेवलं. ऊतक काढून टाकल्यावर हातात आली ती मधल्या मार्गाची एक आखूड नळी, तिच्या दोन बाजूंना दोन पिशव्या, आणि खालच्या पिशव्यांच्या जागी काहीच नाही. किंवा पिशवी आलेली असते, पण तिचं टोक उंदराने कुरतडावं तसं अर्धवट. मग पुढच्या खेपेला पातळ सिलिकॉन येतं, त्यापुढच्या खेपेला महागडं, आणि पोकळी पुन्हा तिथेच.

पोकळी दर वेळी त्याच जागी येत असेल तर डब्यातल्या मालाला दोष देण्यात अर्थ नाही. डोकं कसं टेकवलं होतं, सिलिकॉन कुठून आत गेलं आणि आतल्या हवेला बाहेर पडायला वाट होती का, एवढ्या तीन गोष्टींवर सगळं ठरतं. म्हणून माझं आग्रहाचं सांगणं आहे की काहीही बदलण्याआधी फसलेला कास्ट हातात घ्या आणि त्यातली पोकळी भिंगाखाली वाचा. फसलेला कास्ट फेकून देणं हे या कामातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे, कारण काय बिघडलं हे त्या पोकळीच्या पृष्ठभागावर उमटलेलं असतं.

हे सगळं कशासाठी, हे बडोद्याच्या माणसाला समजावणं सोपं आहे. कमाटीबागेतल्या संग्रहालयात निळ्या देवमाशाचा सांगाडा आपण सगळ्यांनी लहानपणापासून पाहिलेला आहे. 1944 साली मही नदीच्या मुखाशी वाहून आलेला, सुमारे 71 फूट लांब. त्याच्या कवटीत नाकाची वाट दिसते, पण हाड संपलं की वाटही संपते. तो दात नसलेल्या देवमाशांपैकी, त्याला श्वासरंध्रं दोन. डॉल्फिन आणि पॉर्पॉइज हे दातवाले, त्यांना श्वासरंध्र एकच, आणि त्या रंध्राखाली, कवटीच्या वर, मऊ ऊतकात हवेच्या पिशव्यांची गुंतागुंतीची रचना असते. आवाज तिथेच निर्माण होतो. सांगाड्यात यातलं काहीच उरत नाही, आणि चिरून पाहिलं तर पिशव्या चिरतानाच मिटतात. त्या पिशव्यांचा आकार, त्यांची एकमेकींशी जोडणी, डाव्या-उजव्यातला फरक हातात धरून दाखवायचा तर कास्टच लागतो.

कायद्याचं आधी सांगतो. 1972 च्या वन्यजीव (संरक्षण) कायद्यात डॉल्फिन, पॉर्पॉइज, देवमासे, डुगाँग हे सगळे अनुसूची 1 मध्ये येतात आणि मेलेला प्राणीसुद्धा सरकारची मालमत्ता असतो. खंभातच्या आखातात किंवा दुसरीकडे कुठे किनाऱ्याला लागलेला दिसला तर वनखात्याला कळवायचं, हात लावायचा नाही, दातही उचलायचा नाही. संस्थेमार्फत लेखी परवानगी मिळाली तरच पुढचं काम. हाताळताना हातमोजे, मास्क, चष्मा, कारण या प्राण्यांतून माणसाला होऊ शकणारा ब्रुसेलाचा संसर्ग गंभीर असतो. आणि परवानगीने असं डोकं क्वचितच मिळतं, म्हणून सगळा सराव बकऱ्यावर करून घ्यायचा.

पोकळी वाचायची कशी

सिलिकॉन ओतण्याआधी वरची बाजू कुठली हे कास्टमध्येच नोंदवून ठेवा. भरण्याच्या नळीला वरच्या बाजूने एक खाच पाडली तरी पुरते. कास्ट बाहेर आल्यावर ही एक खूण नसेल तर पुढचं काहीच सांगता येत नाही.

पोकळी वरच्या बाजूला आहे, कडा गोलसर, आतला पृष्ठभाग गुळगुळीत आणि चकचकीत: ती अडकलेली हवा. पोकळी खालच्या बाजूला आहे, कडेला सरळ पायरी आहे: ते पाणी. सिलिकॉनची घनता साधारण 1.1 असते, म्हणजे पाणी तरंगून वर यायला हवं, पण अरुंद कोपऱ्यात ते वर येत नाही, तिथेच दबून राहतं. डोकं गोठवलेलं होतं आणि पुरतं वितळलं नव्हतं तर हा दोष हमखास. पृष्ठभाग निस्तेज, त्यावर तंतूसारख्या रेघा आणि बारीक ओरखडे: तो शेंबूड. बारीक बारीक भोकांची जाळी: तो फेस. हा फेस कवटीच्या तळाशी, कानाच्या हाडांभोवतीच्या वायुकोटरांत नैसर्गिकरीत्याच असतो. लंडनच्या नैसर्गिक इतिहास संग्रहालयातल्या फ्रेझर आणि पर्व्हिस यांनी 1960 साली देवमाशांच्या श्रवणावर जे मोठं काम प्रसिद्ध केलं, त्यात या कोटरांच्या कास्टचा भाग महत्त्वाचा होता. तिथे धुणं नीट झालं नाही तर कास्ट सच्छिद्र निघणारच.

पिशवीचं टोक गोलसर, जाड, आणि त्याच्या मागे एकामागून एक वळ्या उमटल्या असतील तर सिलिकॉन वाटेतच घट्ट होऊन थांबलं. आणि पृष्ठभाग बोटाला चिकटत असेल, पुसला की थर निघत असेल, तर ते जमलंच नाही. याचं कारण पूर्णपणे वेगळं आहे, त्याकडे खाली येतो.

एक सावधगिरी. पॉर्पॉइजमध्ये रंध्राच्या लगेच खालच्या दोन व्हेस्टिब्युलर पिशव्यांच्या तळाला मुळातच जाड घड्या असतात. त्या कास्टवर उमटल्या तर तो दोष समजून घासू नका. तो प्राण्याचा खरा आकार आहे.

वरून ओतलं तर खाली का जात नाही

आता मुख्य दुखणं. आपलं नाक नेहमी उघडं असतं. डॉल्फिनचं श्वासरंध्र नेहमी मिटलेलं असतं, आणि ते उघडायला स्नायूंना काम करावं लागतं. रंध्राच्या खाली, हाडातल्या दोन नाकपुड्यांच्या तोंडावर, मांसल बुचं बसलेली असतात. जिवंतपणी स्नायू त्यांना पुढे ओढतात आणि वाट मोकळी होते. मेलेल्या प्राण्यात ओढणारं कुणी नसतं. वरून ओतलेलं सिलिकॉन व्हेस्टिब्युलर पिशव्या भरतं, मग मार्गातच असलेल्या, आवाज काढणाऱ्या ओठांसारख्या घड्यांच्या फटीशी आणि बुचांशी येऊन थांबतं. मिटलेली पिशवी आतून शेंबडाने चिकटलेली असते, दुधाची रिकामी पिशवी ओली असताना चिकटते तशी, आणि वरून पडणाऱ्या सिलिकॉनच्या वजनाला ती उघडत नाही. दोन पिशव्या आणि खाली काहीच नाही, असा जो कास्ट येतो त्याचं संपूर्ण कारण हे आहे.

उपाय खालून भरणं. दातवाल्या देवमाशांचं स्वरयंत्र लांब चोचीसारखं वर आलेलं असतं आणि नाकाच्या मार्गात घुसून तिथल्या गोल स्नायूने घट्ट धरलेलं असतं. ते बोटांनी सैल करत हळूच खाली ओढून घ्यायचं, कापायचं नाही. ते निघालं की नाकाची वाट खालून दिसते, आणि पुढे हाडाच्या पडद्याने तिचे दोन भाग झालेले दिसतात. म्हणून नळ्या दोन हव्यात, डावीकडे एक, उजवीकडे एक. एकच नळी घातली तर त्या बाजूचं सिलिकॉन वर जाऊन दुसऱ्या बाजूला वरून उतरतं, आणि त्या बाजूची हवा खाली कोंडली जाते. एक बाजू भरलेली, दुसरी अर्धी, असा कास्ट तुमच्याकडे असेल तर नळ्या किती होत्या ते आठवा.

नळी बसवायला फोलीज कॅथेटर, म्हणजे लघवीसाठी लावतात ती टोकाला फुगा असलेली नळी, उत्तम. फुगा पाण्याने फुगवला की हाडात घट्ट बसतो आणि गळती थांबते. पण मेडिकलच्या दुकानात मागितल्यावर हातात येतं ते बहुधा लॅटेक्सचं, वरून सिलिकॉनचा लेप दिलेलं. प्लॅटिनमवर जमणारं सिलिकॉन, म्हणजे ज्याला घट्ट करायचं काम प्लॅटिनमचं उत्प्रेरक करतं ते, लॅटेक्सजवळ जमत नाही. पूर्ण सिलिकॉनचं कॅथेटर मागा, पाकिटावर तसं लिहिलेलं वाचून घ्या. ते कास्टला चिकटून बसेल, तर बसू द्या, नंतर कापून टाकता येतं.

हवेची वाट

इथे जो मुद्दा आहे तो मला शरीरशास्त्राच्या माणसाने नाही, ब्राँझ ओतणाऱ्याने शिकवला. बडोद्यात फाइन आर्ट्सची विद्याशाखा 1950 पासून आहे, आणि तिथून शिकून बाहेर पडलेले ओतकाम करणारे लोक शहरात सहज भेटतात. त्यातल्या एका काकांना मी अर्धवट राहिलेला कास्ट दाखवला. त्यांनी तो उलटसुलट केला आणि विचारलं, "अहो, हे सगळं आत ओतलंत, पण आतली हवा कुठून जाणार होती ते सांगा ना." ब्राँझच्या साच्यात धातू आत यायची वाट वेगळी आणि हवा बाहेर जायची वाट वेगळी, आणि दुसरी वाट प्रत्येक उंच टोकाला लागते. लिओनार्दो दा विंचीने सोळाव्या शतकाच्या सुरुवातीला बैलाच्या मेंदूतल्या पोकळ्यांत मेण भरलं, तेव्हा त्यानेही हवेसाठी वेगळी भोकं ठेवली होती. आंधळ्या पिशवीत द्रव भरण्याचं गणित तेव्हापासून तेच आहे.

बुडबुडा आपोआप वर येईल या भरवशावर राहू नका. सिलिकॉनची चिकटाई 20,000 सेंटिपॉइज असेल तर 1 मिलिमीटर व्यासाचा बुडबुडा मिनिटाला तीन मिलिमीटरही वर चढत नाही. व्यास अर्धा झाला की वेग चौथ्या हिश्श्यावर येतो. तोपर्यंत सिलिकॉन जमायला लागलेलं असतं.

म्हणून प्रत्येक पिशवीचं बंद टोक आणि तोंड यातलं उंच कुठलं, हे भरण्याआधी ठरवायचं. प्रीमॅक्सिलरी पिशव्या नाकपुड्यांच्या पुढे हाडावर सपाट पसरलेल्या असतात. त्यांची तोंडं मागच्या बाजूला, नाकपुडीकडे. बंद टोकं पुढे, जबड्याच्या दिशेला. जबडा वर उचललेला असेल तर बंद टोक उंच होतं, हवा तिथे अडकते आणि पिशवीचा पुढचा भाग कधीच येत नाही. जबडा खाली झुकवा, नाकपुड्या उंच ठेवा, की तीच पिशवी पुढून मागे भरत येते आणि हवा आपल्या वाटेने निघून जाते. वाळूने भरलेल्या कापडी पिशव्यांवर डोकं टेकवलं की पाहिजे तो कोन धरून ठेवता येतो. लाकडी ठोकळ्यावर टेकवू नका, एका जागी दाब पडून तिथली पिशवी चेपते. डॉल्फिनमध्ये उजवी प्रीमॅक्सिलरी पिशवी बहुधा डावीपेक्षा मोठी असते, तेव्हा ती मोठी आली म्हणून घाबरू नका. ती लहान आली तर शोध घ्या.

नेझोफ्रंटल पिशव्या जास्त त्रास देतात. त्या नळीसारख्या, नाकाच्या मार्गाला वळसा घालून गेलेल्या असतात, आणि डोकं कसंही ठेवलं तरी वळशाचा कुठला तरी भाग उंच राहतोच. तिथे कोन बदलून भागत नाही, वाट द्यावीच लागते. नवजात बाळांना दूध देण्यासाठी जी बारीक फीडिंग ट्यूब मिळते ती वरून, श्वासरंध्रातून, ओठांच्या फटीतून अलगद सरकवायची, डाव्या बाजूला एक, उजव्या बाजूला एक. टोक अडलं तर जोर करायचा नाही, नळी फिरवत मागे घेऊन पुन्हा सरकवायची. सिलिकॉन खालून चढत आलं की आधी या नळ्यांतून हवा येते, मग फेसाळ सिलिकॉन, मग स्वच्छ सिलिकॉन. स्वच्छ यायला लागलं की नळी थोडी थोडी मागे ओढत काढून घ्यायची, म्हणजे तिची जागाही भरते. या नळ्या ओठांची फट उघडी धरून ठेवतात हा आणखी एक फायदा.

भरताना सिरिंजने दाबू नका. सिरिंजच्या दट्ट्यावर हाताचा दाब किती पडतो हे कुणालाच कळत नाही, आणि पिशवीची भिंत पातळ असते. भरण्याचं भांडं 20 ते 25 सेंटिमीटर उंच टांगा आणि सिलिकॉनला आपल्या वजनाने उतरू द्या. जास्त दाबाचा पुरावाही कास्टवर दिसतो. पिशव्या फुगीर आणि ताणलेल्या येतात, आणि कडेने पातळ पापुद्रे निघतात, जिथे सिलिकॉन भिंत फाडून स्नायूंच्या थरांत शिरलं. मऊ पिशवीला एकच एक नेमका आकार नसतो, दाबानुसार तो बदलतो. म्हणून दाब किती होता हे कास्टच्या चिठ्ठीवर लिहून ठेवलं नाही तर दोन कास्टची तुलना व्यर्थ.

धुणं आणि मोजणं

शेंबूड आणि फेस काढल्याशिवाय वरचं काहीही उपयोगी नाही. कोमट सलाईन, त्यात थोडा खाण्याचा सोडा, आणि त्याच कॅथेटरमधून हळूहळू आत-बाहेर. पाणी स्वच्छ येईपर्यंत. कफ पातळ करण्यासाठी अॅसिटिलसिस्टीन वापरावं असं सुचवलं जातं. शेंबूड ते छान विरघळवतं, पण त्याच्या रेणूत गंधक आहे, आणि गंधक प्लॅटिनम सिलिकॉनला जमू देत नाही. म्हणून मी ते टाळतो.

शेवटचं सलाईन मोजून आत सोडा. किती मिलिलिटर गेल्यावर वरच्या नळ्यांतून बाहेर आलं हे लिहा. मग डोकं चारही बाजूंना कलवून पूर्ण निथळू द्या. पुढे सिलिकॉन किती ग्रॅम गेलं ते मोजा आणि घनतेने भागा. समजा सलाईन 110 मिलिलिटर गेलं होतं आणि सिलिकॉन 90 ग्रॅम गेलं, म्हणजे जेमतेम 82 मिलिलिटर. उरलेले 28 मिलिलिटर कुठली तरी पिशवी उघडलीच नाही असं सांगतात, आणि हे तुम्हाला सिलिकॉन अजून ओलं असताना कळतं. डोकं थोडं कलवून, नळी थोडी हलवून, तेव्हाच दुरुस्ती शक्य असते. या एका मोजणीने वाचवलेले नमुने सिलिकॉन बदलून वाचवलेल्या नमुन्यांपेक्षा कितीतरी जास्त असतील.

निथळल्यानंतर आणि भरण्याआधी आतली हवा कार्बन डायऑक्साइडने बदलून घेता आली तर फार फरक पडतो. हा वायू ओलसर ऊतकात आणि सिलिकॉनमध्ये हवेपेक्षा कितीतरी सहज मुरतो, त्यामुळे कोपऱ्यात राहिलेला बुडबुडा जमण्याआधी लहान होत जातो. सोडावाल्यांकडे किंवा वेल्डिंगवाल्यांकडे सिलिंडर मिळतो. अगदी मंद प्रवाह, खोलीच्या खिडक्या उघड्या. सिलिकॉनमध्ये ढवळताना मिसळलेली हवा मात्र आधी व्हॅक्यूममध्ये काढावी लागते. एसी दुरुस्त करणाऱ्यांचा पंप आणि जाड काचेचं किंवा स्टीलचं भांडं पुरतं. सिलिकॉन फुगून तिप्पट-चौपट वर येतं, म्हणून भांडं मोठं घ्या. व्हॅक्यूम डोक्याला लावायचा मोह मात्र टाळा. न धुतलेल्या मऊ पिशव्या त्याने आणखी घट्ट चिकटतात.

फुप्फुसांचं थोडं वेगळं

सरावासाठी बकऱ्याचं फेफडं श्वासनलिकेसकट आणा, आणि खाटकाला आधीच सांगा की सुरी लावू नका. नाहीतर तपासायला म्हणून चीर पडतेच. घरी आणल्यावर पाण्याखाली धरून हलकेच फुंकर घाला. बुडबुडे आले तर ते कास्टिंगच्या कामाचं नाही.

बकरा हा केवळ स्वस्त पर्याय नाही. रवंथ करणाऱ्या प्राण्यांत श्वासनलिका दुभंगण्याआधीच उजवीकडे एक वेगळी श्वसनी फुटते, आणि ती डॉल्फिनमध्येही असते. देवमासे आणि खूरवाले प्राणी यांचं नातं जवळचं आहे. बकऱ्याच्या कास्टमध्ये ही फांदी येत नसेल तर तुमची नळी फार खोल गेली आहे आणि फांदीच्या तोंडावरून पुढे निघून गेली आहे. नळीचं टोक वर ओढा. डॉल्फिनची श्वासनलिका आखूड असते, तिथे हीच चूक आणखी सहज होते.

फुप्फुसं टेबलावर ठेवून भरली तर खालच्या बाजूच्या श्वसनी स्वतःच्या वजनाने चपट्या येतात. सलाईनच्या बादलीत तरंगत ठेवून भरा. सिलिकॉन फार पातळ घेतलं तर ते वायुकोशांपर्यंत जातं आणि कास्ट म्हणजे एक घट्ट गोळा होतो, फांद्या दिसतच नाहीत. इथे दाट सिलिकॉनच बरं. डॉल्फिनमध्ये कूर्चेचा आधार फार खोलवर, अगदी बारीक फांद्यांपर्यंत जातो. 1940 साली शरीरक्रियाशास्त्रज्ञ शोलांडर यांनी मांडलं की खोल बुडी मारताना वायुकोश मिटतात आणि हवा या कडक वाटांत ढकलली जाते. म्हणून या प्राण्यांत आपल्याला पाहायच्या असतात त्या फांद्या. वायुकोश भरले नाहीत याचं वाईट वाटून घेऊ नका.

चिकट पृष्ठभाग आणि बडोद्याचा मे महिना

कास्ट आतून जमलेला पण वरून चिकट असेल तर प्लॅटिनमला कुणीतरी मारलं आहे. संशयित: लॅटेक्सचे हातमोजे, लॅटेक्सचं कॅथेटर, भोकं बुजवायला वापरलेली गंधकयुक्त मॉडेलिंग क्ले, कथिलावर जमणाऱ्या सिलिकॉनचं न धुतलेलं भांडं. आणि शेवटचा, ज्याकडे लक्ष जात नाही तो म्हणजे सडायला लागलेलं ऊतक. प्रथिनं कुजताना अमाइन आणि गंधकाची संयुगं तयार होतात आणि ती नेमकी भिंतीवरच असतात. व्हिनाइलचे हातमोजे, गंधकविरहित क्ले, आणि ताजं किंवा ताजेपणीच गोठवलेलं डोकं. तेवढं ताजं मिळणार नसेल तर कथिलावर जमणारं सिलिकॉन घ्या. ते जमताना थोडं आक्रसतं, पण गंधकाला घाबरत नाही.

गोठवलेलं डोकं फ्रिजमध्येच, 4 अंशांवर, काही दिवस लावून वितळवा. बाहेर ठेवलं तर वरचा थर कुजायला लागतो आणि मधे बर्फ तसाच. पण भरताना डोकं थंड नको, कारण थंड भिंतीला लागून सिलिकॉन दाट होतं आणि वर सांगितलेल्या वळ्या उमटतात. एसी लावलेल्या खोलीत, 22-23 अंशांवर आणून मग भरा.

डब्यावर लिहिलेला वेळ 23 किंवा 25 अंशांचा असतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा 42 ला जातो, आणि दर 10 अंशांमागे हातातला वेळ साधारण निम्मा होतो. 40 मिनिटांचं सिलिकॉन मग 11-12 मिनिटांत ओतायला जड होतं. बडोद्याच्या मकरपुरा औद्योगिक वसाहतीत मोल्डवाल्यांसाठी जे सिलिकॉन मिळतं ते बरंचसं झटपट जमणारं असतं, कारण त्यांना दिवसाला जास्त नग काढायचे असतात. आपल्याला उलट हवं. वेळ जास्त देणारा प्रकार मागा. सिलिकॉन तेल घालून पातळ करता येतं, पण दहा टक्क्यांच्या पुढे गेलात की कास्ट ओढताना फाटतो.

बाहेर काढताना

बकऱ्याचं फुप्फुस पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या 10 टक्के द्रावणात खोलीच्या तापमानाला विरघळतं. द्रावण बदलत राहा आणि उकळू नका, गरम अल्कली सिलिकॉनलाही खाते. पॉर्पॉइजच्या डोक्याला मात्र हे द्रावण लावू नका. कवटी संग्रहालयाला हवी असते आणि अल्कलीने हाड भुसभुशीत होतं. मऊ भाग हाताने सोडवत जा, उरलेलं कोमट पाण्यात मुरू द्या. सिलिकॉन लवचिक असल्यामुळे हाडातल्या नाकपुड्यांतून कास्ट वळवून बाहेर काढता येतो; कडक रेझिन वापरलं असतं तर कवटी किंवा कास्ट यातलं एक मोडावं लागलं असतं. फॉर्मलिनमध्ये ठेवलेल्या डोक्यावर हे कामच करू नका. पिशव्या ताठ झालेल्या असतात, उघडत नाहीत, आणि ऊतक नंतर सुटतही नाही.

एवढं करूनही एखादं टोक अर्धवट राहिलं तर ते नंतर सिलिकॉनने भरून गोल करू नका, भरलेला भाग कुणाला तरी खरा वाटेल आणि त्यावरून मोजमाप घेतलं जाईल. तसंच ठेवा, आणि चिठ्ठीवर लिहा: कुठली पिशवी, कुठली बाजू, वर की खाली, सलाईन किती मिलिलिटर गेलं होतं, सिलिकॉन किती ग्रॅम, भांडं किती सेंटिमीटर उंच होतं, खोलीचं तापमान किती.